लढाईचे वर्ष दुप्पट

"रोसेल, पहिला!"

हाक आली आणि सार्जंट वेंडेलिन रोसेल जागचा हलला नाही. उलट त्याने अंग जरासे चोरले आणि डाव्या बाजूला थोडी वाट करून दिली, शेजारचा माणूस रांगेतून पुढे जाणार असला की कुणीही करतो तशी. पलटण सकाळपासून चौकात उभी होती. ज्यांनी वर्षानुवर्षे पलटणीत काढली त्यांना ड्यूकच्या नावाने नवे क्रॉस, छातीवर लावायची पदके, वाटायचे चालले होते, आणि ज्याचे नाव येई तो तरातरा कर्नलपुढे जाऊन उभा राही. आता मात्र कुणीच पुढे जाईना. नावे पुकारणाऱ्या लेफ्टनंटने मान वर करून पाहिले, कर्नलचा टाचणी धरलेला हात हवेतच राहिला, आणि वेंडेलिनही इतरांसारखाच वाट पाहत राहिला की हा योस्ट गेला तरी कुठे. मग उजवीकडून क्लापरचे कोपर बरगडीत बसले. "अरे लेका, तूच तो! उभ्या उभ्या झोपलास की काय?" तेव्हा कुठे पाय निघाले. कर्नलने क्रॉस टाचला, दोन शब्द बोलला, ते वेंडेलिनला ऐकू आले नाहीत, आणि तो परत रांगेत आला. छातीवर काहीतरी लोंबत होते. मघाशी मोकळी केलेली जागा अजून मोकळीच होती आणि ती भरून काढायला त्याचे मन घेईना.

योस्ट मेला होता. आज नव्हे, वीस वर्षांमागे, समुद्रात. हे वेंडेलिनला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे. त्याच्याइतके ते कुणालाच ठाऊक नव्हते, कारण योस्टच्या बायकोला ती बातमी त्यानेच नेऊन दिली होती आणि पुढे त्या बायकोशी लग्नही त्यानेच केले होते. पण माणसाला ठाऊक असणे वेगळे आणि त्याच्या पायांना ठाऊक असणे वेगळे. पलटणीत एका आडनावाचे दोघे निघाले की त्यांना पहिला आणि दुसरा करून टाकायची जुनी रीत. जो आधी भरती झाला तो पहिला. योस्ट रोसेल लिंबुर्गकडचा, वेंडेलिन ऱ्हाइनकाठच्या द्राक्षमळ्यांतला. नात्याचे ना गोत्याचे. योस्ट थोडे दिवस आधी आला, तेवढ्यावर तो पहिला झाला आणि वेंडेलिन जन्माचा दुसरा. मग व्हायचे ते घोटाळे झालेच. योस्टचे बूट वेंडेलिनला मिळत आणि त्याचे अंगठे सोलून निघत. वेंडेलिनच्या आईने कुणाबरोबर तरी पाठवलेले सॉसेज योस्टच्या हाती पडे, आणि तो ते अर्धे संपवून उरलेले आणून देई, वर म्हणे, "मी म्हटलं, माझ्या आईला एकाएकी इतकी माया कुठून फुटली!" स्पेनच्या उन्हात, धुळीत, त्या सगळीकडे घातलेल्या ऑलिव्ह तेलाच्या वासात, दिवसातून कितीदा तरी त्या दोन हाका येत. 'दुसरा' म्हटले की वेंडेलिनचे अंग आपोआप ताठ होई आणि 'पहिला' म्हटले की सैल पडे. आज ते सैल पडले, इतकेच झाले होते. इतकेच झाले होते असे त्याने मनाला समजावले आणि परेड संपेपर्यंत ते मनाला पुरले.

परेड सुटल्यावर क्लापरने त्याला सफरचंदाची दारू प्यायला ओढून नेले. ॲडम क्लापर हा स्पेनपासूनचा सोबती. क्रॉस त्यालाही मिळाला होता, आणि दर घोटागणिक तो त्याच्यावर फुंकर घालून बाहीने पुसत होता. वेंडेलिनने शक्य तितक्या सहज विचारले, "मला पहिला का म्हणाले रे ते?"

"का म्हणजे? उसिंगेनचा एक रोसेल भरती झालाय ना यंदा. तो दुसरा, म्हणून तू पहिला. न मरता बढती! एवढं नशीब कुणाचं असतं?"

वेंडेलिन हसला. खरेच, किती साधी गोष्ट. उसिंगेनमध्येही रोसेल असू शकतात, त्यात काय. पण हसून झाल्यावर त्याने पेला बाजूला सारला. तो म्हणाला, "पण माझी वर्षं भरतात कशी? मधे मी पलटण सोडून मळ्यात राबत होतो. ती वर्षं तर गेलीच."

"स्पेनची दुप्पट धरली असतील. लढाईचं एक वर्ष म्हणजे नोकरीची दोन, हुकूमच आहे तसा. तिथं पाव मिळायचा अर्धा, आता वर्षं मिळतायत दुप्पट. देवाघरी न्याय आहे म्हणायचा." क्लापर पुढे वाकला. "मला एकच सांग. लढलो आपण फ्रान्सच्या बादशहासाठी. मग एका संध्याकाळी हुकूम आला, उठा, आणि अंधार पडायच्या आत आपण इंग्रजांच्या बाजूला जाऊन बसलो. तो दिवस कुणीकडे धरला असेल रे? सकाळ तिकडे नि संध्याकाळ इकडे? का तोही दुप्पट?" आणि स्वतःच्याच विनोदावर त्याला ठसका लागला. ठसका ओसरल्यावर तो डोळे पुसत म्हणाला, "तुझ्या लग्नात मी काय म्हणालो होतो, आठवतं?"

"आयत्या बिळावर नागोबा."

"रागावला होतास तू."

"नव्हतो रागावलो."

"होतास. तोंड बघायला हवं होतं तुझं. पण बघ, नागोबाला शेवटी क्रॉससुद्धा मिळाला!" क्लापरच्या बोलण्यात विष नव्हते. तो असाच होता, मनात एक आणि ओठावर एक असे त्याला जमतच नसे. वेंडेलिनने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि घरी जेवायला उशीर होतो म्हणून उठला.

घर फार लांब नव्हते, पण तो उकळत्या झऱ्याच्या बाजूने वळसा घेऊन निघाला. झऱ्यापाशी नेहमीसारखी पाहुण्यांची गर्दी होती. लांबलांबून आलेली ती श्रीमंत आजारी माणसे हनुवटीखाली रुमाल धरून ते खारट गरम पाणी घोट घोट पीत होती आणि एकमेकांना पोटाच्या तक्रारी सांगत होती. एका म्हाताऱ्याने क्रॉसकडे पाहून टोपी काढली. वेंडेलिननेही काढली. आणि चालता चालता त्याच्या डोक्यात ते वर्ष घोळू लागले. एका वर्षाची दोन वर्षे होतात तरी कशी? वर्षात उन्हाळा एकदाच येतो. त्या उन्हाळ्यात माणूस एकदाच भाजतो, एकदाच तापाने फणफणतो, एकदाच खेचराच्या मागे डोंगर चढतो. मग ते दुसरे वर्ष कोठून आले? कुणीतरी ते काढलेच असणार. न काढलेले वर्ष सरकार कशाला धरील, आणि तेही दुप्पट? तेव्हा त्याला एकदम दिसले की त्या प्रत्येक वर्षात रोसेल दोन होते. एक वर्ष पहिल्याने काढले, एक दुसऱ्याने. बरोबर दुप्पट. मग पहिला बुडाला, पण त्याची वर्षे काही बुडाली नाहीत. ती कुणाच्या तरी वाट्याला यायलाच हवीत, आडनाव एकच, आली. हा हिशेब चुकीचा होता. क्लापरचीही स्पेनची वर्षे दुप्पट धरली होती आणि क्लापर आडनावाचा तर पलटणीत तो एकटाच होता, देवाची कृपा, दुसरा कुणाला सोसला असता! हे वेंडेलिनने स्वतःला बजावले, मग पुन्हा बजावले, आणि पटल्यासारखे वाटे तोवर हात क्रॉसकडे जाई आणि वाटे, यातले अर्धे आपले नाही. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी म्हणतात ते हेच. फक्त हे छातीवर टाचून देतात आणि वर टोप्याही काढतात.

आणि बुटांचे, नंबराचे, वर्षांचे एक वेळ सोडा. अपोलोनियाचे काय? योस्टशी लग्न झाले तेव्हाच ती रोसेल झाली होती. लग्न झाले आणि त्याच वर्षी द्राक्षे पिकायच्या आत योस्ट स्पेनला गेला तो गेलाच. वेंडेलिनशी लग्न करताना तिला आडनावसुद्धा बदलावे लागले नाही. शेजारणी म्हणाल्या, बरे झाले बाई, कपड्यांवरची अक्षरे उसवायला नकोत. तिकडच्या बायकांसारखी तीही नवऱ्याला आडनावानेच हाक मारी. "रोसेल, लाकडं." "रोसेल, दार लाव." पहिल्यालाही ती अशीच हाक मारीत असणार. इतक्या वर्षांत वेंडेलिनने तिला कधी विचारले नाही की रोसेल म्हणतेस ते नेमके कुणाला. चांगला संसार चालला होता, आणि चालत्या गाड्याला खीळ कोण घालणार? पण कधी ती अंगणातून हाक मारी, पाठमोरी, कामात असताना, आणि त्याला वाटे की ही हाक आपल्या अंगावरून पलीकडे चालली आहे, कुणा दुसऱ्याकडे. छे, पहिल्याकडे. आज जर हे विचारले नाही तर पुढे कधीच विचारता येणार नाही, असे त्याला झऱ्यापाशी वाटले, आणि आपण हिच्या घरात माणूस म्हणून आहोत की बदली म्हणून, हे एकदाचे कळावे या विचाराने तो झपाझप चालू लागला.

झपाझप चालला तरी ते जहाज आडवे आलेच. ते नेहमी येई. इंग्रजांच्या बाजूला गेल्यावर पलटणीला घरी पोचवायला जहाजे दिली होती, आणि भर हिवाळ्यात, किनारा दिसत असताना, त्यांचे जहाज वाळूच्या दांड्यावर चढले. डोलकाठी मोडली. माणसे प्रार्थना करीत होती, ओकत होती, शिव्या देत होती, आणि काही नुसतीच बसून होती. दोघे रोसेल एकाच दोराला धरून उभे होते, इतके गारठलेले की आपला हात कुठला आणि त्याचा कुठला हे कळत नव्हते. तेवढ्यात होडी सोडायला माणूस हवा म्हणून पलीकडून सार्जंट ओरडला, "रोसेल!" नुसते रोसेल. घाईत नंबर लावायचा राहिला होता, किंवा वाऱ्याने खाल्ला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग कुणीतरी काहीतरी बोलले, आणि वेंडेलिन दोर सोडून होडीकडे गेला. होडी सोडता सोडता लाटेने त्याला तिच्यातच टाकले आणि ती सुटली. मागे वळून पाहिले तेव्हा जहाज आडवे झाले होते. ते 'कुणीतरी काहीतरी' म्हणजे कोण आणि काय, हेच त्याला आठवत नव्हते. तोंडे हलताना दिसत, आवाज येत नसे. किती रात्री त्याने कान लावून ऐकायचा प्रयत्न केला, पण ऐकू येई ते फक्त शेजारी झोपलेल्या अपोलोनियाचे घोरणे.

अपोलोनिया मागच्या अंगणात स्टुलावर बसून कोंबडी सोलत होती. क्रॉसच्या मानाखातर कोंबडी. झऱ्याचे उकळते पाणी तिने बादलीभर आणले होते, त्यात कोंबडी बुडवून काढली होती, आणि आता मूठमूठ पिसे उपटून टोपलीत टाकत होती. तिने मान वर केली. "दिलाच का? बरा आहे की. काढून ठेव आधी, पिसं चिकटतील."

वेंडेलिनने क्रॉस काढला आणि तिच्यासमोर पालथ्या घातलेल्या टोपावर ठेवला. वाटेत त्याने बरेच काही जुळवून आणले होते, त्यातले काहीच आठवले नाही. तो म्हणाला, "यातला अर्धा योस्टचा आहे."

"मग आण कुऱ्हाड. करू दोन तुकडे."

"मी चेष्टा नाही करत."

"मी तरी कुठं करतेय? कुऱ्हाड लाकडांमागं आहे." पण त्याच्या तोंडाकडे पाहून तिने कोंबडी मांडीवर ठेवली. मग तो बोलत सुटला. हाक आली ते, पाय निघेनात ते, उसिंगेनचा रोसेल, स्पेनची वर्षे, एकाची दोन कशी झाली, बूट, सॉसेज. सगळे उलटसुलट सांगत गेला. त्याचे त्यालाच ते इतके वेडगळ वाटले की मध्येच तो थांबला. अपोलोनिया हसली नाही. ओल्या हाताने तिने कपाळावरचे केस मागे सारले आणि हळू आवाजात म्हणाली, "रोसेल, मला त्याचा चेहरा आठवत नाही."

"कुणाचा?"

"कुणाचा काय! दर वर्षी चर्चमध्ये त्याच्या नावानं मेणबत्ती लावते. डोळे मिटते, म्हणते, येऊ दे त्याला डोळ्यांपुढं. तर तुझं नाक येतं. चार अश्रू गाळावेत म्हटलं तर पुढ्यात तुझं हे एवढं नाक. नवऱ्याचा चेहरा विसरलेली बाई मी. कुठल्या तोंडानं सांगणार होते, आणि कुणाला? तुला?"

हे ऐकून आपल्याला हायसे वाटायला हवे, असे वेंडेलिनला वाटले. इतकी वर्षे ज्याला भ्यालो तो या घरात नव्हताच. बिछान्यात नव्हता, हाकेत नव्हता, मेणबत्तीतही नव्हता. पण हायसे वाटेना. मग तो आहे तरी कुठे? एका माणसाची वर्षे दुप्पट होतात आणि एका माणसाचे काहीच उरत नाही, हा कुठला कायदा?

"तू सांग ना," अपोलोनिया म्हणाली. "तू तर रोज बघायचास त्याला. दिसायचा कसा?"

"केस तांबूस. टोपी मागं ढकलायची सवय. पाव छातीशी धरून कापायचा."

"सगळेच तसा कापतात." तिने मान हलवली. "नाही येत."

आणखी काय सांगावे ते त्याला सुचेना, आणि सुचेना म्हणूनच तो जहाजावर आला. आजवर तिला त्याने एवढेच सांगितले होते की जहाज बुडाले, योस्ट त्यात गेला. आज त्याने दोराचे सांगितले, नुसत्या 'रोसेल' हाकेचे सांगितले. "मग आमच्यातलं कुणीतरी बोललं. कधी वाटतं तो म्हणाला, 'तुला बोलावतोय.' कधी वाटतं मीच म्हणालो, 'मला बोलावतोय.' तो म्हणाला असेल तर त्यानं मला जीव दिला. मी म्हणालो असेन तर मी त्याचा घेतला. वीस वर्षं शोधतोय, अपोलोनिया, आवाजच ऐकू येत नाही."

अपोलोनियाने त्याच्याकडे रोखून पाहिले. "'तुला बोलावतोय'? अस्संच?"

"असंच. किंवा 'मला—'"

"अगं बाई!" ती एकदम म्हणाली, आणि तिच्या तोंडावर असे काही आले की ते वेंडेलिनने कधी पाहिले नव्हते. "अरे, तो आळशी होता! आळशांचा राजा! हाक मारली की म्हणायचा, 'तुला बोलावतायत.' आईनं मारली की बहिणीला, बापानं मारली की भावाला. लग्नात पाद्र्यानं विचारलं, 'योस्ट रोसेल, ही तुला पत्नी म्हणून पसंत आहे का?' तर यानं शेजारी उभ्या असलेल्या भावाला कोपरानं ढोसलं आणि म्हणाला, 'तुला विचारतायत.' अख्खं चर्च हसलं! माझी आई तर चिडून लाल झाली होती. आणि हा असा उभा, एक भुवई वर, तोंड कसं, तर मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसं—" ती बोलता बोलता थांबली. हात तसाच हवेत राहिला. "तसं," ती म्हणाली, आणि मग आवाज फुटला, "योस्ट. अरे योस्ट," आणि ती रडू लागली. तोंडाला रुमाल लावून नव्हे, ढसाढसा, कोंबडीवर ओणवी होऊन. मध्येच हसत होती आणि हसता हसता पुन्हा रडत होती.

वेंडेलिन तिच्यापुढे उकिडवा बसला. त्याला स्पेनमधले पहारे आठवले. रात्री झोपेत नुसतीच 'रोसेल' म्हणून हाक आली की योस्ट घोंगडीतून डोकेही न काढता म्हणे, तुला बोलावतायत, आणि आपण उठत असू, आणि बर्फासारख्या वाऱ्यात उभे राहून आपल्याला वाटे की केवढा हा मोठेपणा, आपल्याला पुढे करतो. मोठेपणा नव्हता, जीव ओवाळून टाकणेही नव्हते. गारठलेला एक आळशी माणूस दोर सोडून उठायला तयार नव्हता. असे असेल? की अपोलोनियाने त्याच्यासाठी ते जुळवून दिले होते, फाटलेल्या बाहीला हाताशी असेल ते ठिगळ लावावे तसे? सांगता येत नव्हते. आवाज अजूनही ऐकू आला नव्हता. पण रडणे जुळवलेले नव्हते. वीस वर्षांचे साचलेले रडणे होते ते, आणि ते योस्टसाठी होते, चेहऱ्यासकट, भुवईसकट. म्हणजे आजवर या घरात आपण एकटेच होतो आणि आपल्याला ते ठाऊक नव्हते. आणि आज, ठाऊक झाले त्याच घटकेला, आपल्याच हाताने दार उघडून आपण पहिल्याला आत घेतले. यात त्याने काही गमावले की काही फेडले, त्याला कळेना. छातीत मात्र दुखत होते, आणि त्या दुखण्याला तो नको म्हणत नव्हता.

तिचे रडणे ओसरायला वेळ लागला. मग तिने मनगटाने नाक पुसले, तर गालाला एक पीस चिकटले. वेंडेलिनने ते काढले आणि विचारायचे ते आता विचारले, कारण आता न विचारून काही राखायचे उरले नव्हते. "तू रोसेल म्हणून हाक मारतेस, ती कुणाला मारतेस?"

अपोलोनियाने त्याच्याकडे असे पाहिले की या वयात हे काय विचारणे.

"जो येईल त्याला," ती म्हणाली. "इतकी वर्षं तूच येतोयस."